टँकचं पाणी निवळशंख होईना – टॉप फिल्टरच ठेवू, हँग-ऑन घेऊ का कॅनिस्टर?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. घरी तीन फुटी टँक आहे, नेमकं माप ३६ बाय १५ बाय १८ इंच. आत पाच गोल्डफिश, त्यातले दोन ओरांडा आता चांगले मुठीएवढे झालेत आणि दिवसभर खडे चिवडत बसतात. खाली बारीक रंगीत खडे, एक मातीचं मडकं, बाकी काय नाही. फिल्टर म्हणाल तर टँकबरोबर आलेला टॉप फिल्टर, म्हणजे पाण्यात छोटी मोटर, ती पाणी वरच्या ट्रेमधे टाकती, ट्रेमधे पांढरा कापूस आणि तिथून पाणी परत खाली. मासे मजेत आहेत, खातेत पितेत, रोगबिग काही नाही. पण पाणी काही केल्या निवळशंख दिसत नाही. दिवसा लांबून बरं वाटतं पण संध्याकाळी टँकची लाईट लावली की आत बारीक बारीक कण फिरताना दिसायलेत आणि मागची काच धुरकट वाटायलीय, पाहुणे आले की हमखास विचारतेत पाणी कधी बदललं होतं म्हणून.

दुकानात विचारलं तर एक जण म्हणला कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या, सात-आठ हजारात बसेल. दुसरीकडं म्हणले यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) लावा, पाणी काचेवानी होतंय. तिसरा हँग-ऑन (टँकच्या काचेला बाहेरून लटकवायचा फिल्टर) घ्या म्हणून मागं लागलाय कारण त्याच्याकडं तोच शिल्लक आहे. घरात विषय काढला तर उत्तर आलं की एवढ्या पैशात वॉशिंग मशीन दुरुस्त होती.

सारखं सारखं पाणी बदलणं आपल्याकडं जमत नाही हे तुम्हाला माहितीच आहे, नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्यात माशांना किती घालायचं. म्हणून म्हणलं गाळायचं कामच नीट करणारा एक फिल्टर घ्यावा आणि मोकळं व्हावं. कोणता घेऊ? आणि शेजारचे काका म्हणायलेत ट्रेमधे कापसाऐवजी टर्किश टॉवेलचा तुकडा टाक, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. चालतंय का तसं?

भीमाकाठचा

दादा, फिल्टर घ्यायच्या आधी पाण्यात नेमकं काय आहे ते तर बघा. गढूळपणा चार तऱ्हेचा असतो आणि प्रत्येकाला औषध वेगळं. दुधाळ पांढरं धुकं असेल तर ते बॅक्टेरिया, नवीन टँकमधे किंवा खाणं जास्त पडलं की किंवा फिल्टर एकदम नळाखाली घासूनपुसून धुतला की होतं, आणि बॅक्टेरिया म्हणजे साधारण एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग, त्याला जगातला कुठलाही स्पंज अडवू शकत नाही, तिथं तुम्ही दहा हजाराचा कॅनिस्टर लावला तरी पाणी तसंच राहणार आणि तुम्ही कंपनीला शिव्या देत बसणार. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ, तिथं यूव्ही कामाला येतो. चहासारखं पिवळट असेल तर टँकमधल्या लाकडाचा रंग उतरलाय, त्याला कार्बन, म्हणजे फिल्टरमधे घालायचा कोळसा. आणि सुटे कण फिरताना दिसत असतील तर मग खरंच गाळणीचा विषय.

तुमचं वर्णन कणांचंच वाटतंय पण खात्री करून घ्या. पारदर्शक बाटलीत टँकच्या मधल्या भागातलं पाणी भरा आणि रात्रभर एका जागी हलवू न देता ठेवा. सकाळी मागं पांढरा कागद धरून बघा. तळाला गाळ बसून वरचं पाणी स्वच्छ झालं असेल तर मेकॅनिकल फिल्टर, म्हणजे कण गाळायचं काम, सुधारायचं. तसंच धुरकट राहिलं तर फिल्टरवर एक रुपया घालू नका, खाणं कमी करा आणि गप्प बसा, बहुतेक वेळा आपोआप निवळतं.

आणि टँक भरून किती लिटरचा आहे ते काढलंय का? इंचातली लांबी रुंदी उंची गुणायची आणि ६१ नं भागायचं. तुमचं १५९ येतंय. खडे, मडकं आणि वर सोडलेली जागा वजा जाता १४० लिटर धरा.

विजापूर_रोडवाला

एवढं कशाला, तुरटी फिरवायची दोन वेळा. आमच्याकडं पावसाळ्यात घागरीत तेच करतेत, गाळ सगळा खाली.

माशांची_ताई

तुरटी नको हो! घागरीतलं पाणी आपण वरवरचं ओतून घेतो, टँकमधे मासे त्याच गाळात राहणार. शिवाय तुरटी पाण्यातला क्षार खाते आणि पीएच खाली आणते, एकदम पडला तर मासे आडवे होतात. पाणी शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखं द्रव्य घालून गाळ बसवतात हे खरं, पण तिथं मोजून घालतात, पुढं वाळूतून गाळतात, आणि मुख्य म्हणजे त्यात कोणी पोहत नसतं.

जुळे_सोलापूरकर, बाटलीचं करून बघा आधी, मग लिहिते सविस्तर. तोवर एकच सांगा, तुमच्या मोटरच्या तोंडाला स्पंज आहे का नुसती प्लास्टिकची जाळी?

जुळे_सोलापूरकर

केलं. तळाला तपकिरी थर बसला, अगदी पातळ पण दिसण्यासारखा, आणि वरचं पाणी एकदम स्वच्छ, मागच्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. बाटली जरा हलवली की सगळं परत वर. म्हणजे कणच.

ताई, मोटरला नुसती जाळी आहे. स्पंज कधीच नव्हता, आला पण नव्हता.

माशांची_ताई

मग सापडलं. तुमच्या फिल्टरमधे पाण्याचा रस्ता कसा आहे बघा. मोटर आधी, कापूस नंतर. म्हणजे गोल्डफिशची लांबलचक शी जाळीतून आत ओढली जाते, मोटरच्या पात्यात, इंपेलर म्हणतात त्याला, तिचा भुगा होतो आणि तो भुगा वर ट्रेमधे जातो. जी गोष्ट अख्खी असताना साध्या जाड स्पंजनं अडली असती ती आता पीठ होऊन आलीय आणि ती अडवायला तुम्हाला अगदी बारीक कापूस लागतोय, तो पण लगेच चोंदतोय. बहुतेक हँग-ऑनमधे पण हाच क्रम असतो, आधी पंखा मग स्पंज. कॅनिस्टरमधे आणि पाण्यात बुडवायच्या इंटर्नल पॉवर फिल्टरमधे उलटं, पाणी आधी स्पंजमधून ओढलं जातं आणि मोटर शेवटी, म्हणून त्यांचं पाणी जास्त चकचकीत वाटतं. कॅनिस्टरची निम्मी जादू एवढीच आहे, बाकी निम्मी म्हणजे आतली मोठी जागा.

तर आता पैसे न घालता करायचं काय, मोटरच्या जाळीवर जाड भोकांचा स्पंज चढवा. प्री-फिल्टर स्पंज म्हणून तयार मिळतो, मधे भोक असलेला, शंभर-दीडशेच्या आत. तो शी अख्खीच अडवतो. तो मात्र दर दोन-तीन दिवसांनी पिळायला लागणार, ते आत्ताच सांगते, कारण मोटरचं तोंड चोंदलं की वरचा सगळा फिल्टर उपाशी.

मग वरचा ट्रे. तिथं सध्या नुसता कापूस टाकलाय ना, त्यामुळं पहिल्याच थरात मोठी घाण आणि बारीक घाण एकाच जागी येऊन बसते आणि चार दिवसात त्याचा लगदा होतो. क्रम असा पाहिजे की पाणी आधी जाड स्पंजला लागेल, मग मध्यम, मग बारीक, आणि सगळ्यात शेवटी सिरॅमिक रिंगा, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांना राहायला भाजक्या मातीच्या कड्या. स्पंजवर पीपीआय लिहिलेलं असतं म्हणजे एका इंचात किती भोकं, १० ते २० जाड, ३० मध्यम, ४५ बारीक. दुकानात पीपीआय विचारलं तर बरेच जण तोंडाकडं बघतात, तेव्हा डोळ्यानंच बघून घ्या, जाड स्पंजमधून उजेडाकडं बघितलं की आरपार ठिपके ठिपके दिसले पाहिजेत. तुमच्या ट्रेमधे दोन स्पंज आणि एक कापसाचा थर बसेल, चार थर कोंबू नका.

स्पंज कापताना ट्रेच्या मापापेक्षा पाव इंच मोठा कापा आणि दाबून बसवा. कडेला फट राहिली की पाणी तिथूनच पळतं, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत आपण कसं मेन रस्ता सोडून बोळानं काढतो तसं, आणि मग ट्रेमधे भारीतला भारी स्पंज असून पाणी गाळलंच जात नाही. मी बघितलेल्या गढूळ टँकमधे निम्म्यावेळा हीच भानगड असते, फिल्टर चांगला, माल चांगला आणि पाणी बाजूनं चाललंय.

आणि फ्लो मोजा. खोक्यावरचा आकडा सोडून द्या, तो मोकळ्या मोटरचा असतो, पाणी वर चढवायचं नाही, स्पंज नाही, काही नाही असा. पाच लिटरचा तेलाचा डबा धुऊन घ्या, ट्रेमधून खाली पडणारं पाणी त्यात धरा आणि मोबाईलवर सेकंद बघा. साध्या माशांना तासाला टँकच्या चार-सहा पट पाणी फिरलं तरी चालतं, गोल्डफिश म्हणजे खादाड आणि घाणेरडं काम, त्यांना आठ-दहा पट सांगतात. मी म्हणते निदान सहाच्या खाली जाऊ नका.

टॉवेलवाला

टॉवेलचा विषय निघाला म्हणून आलो, आमचा धंदाच तो, घरात लूम आहेत.

काकांना म्हणावं टॉवेल आंघोळीला ठेवा. टर्किश टॉवेलला जे वर लूप असतेत ते धुतल्यावर सुद्धा सुरुवातीला तूस सोडतेत, ते सगळं मोटरच्या पात्याला जाऊन गुंडाळणार. दुसरं म्हणजे आपला टॉवेल कॉटनचा, कॉटन कायम पाण्यात राहिलं की कुजतंय, आठ-पंधरा दिवसात बुळबुळीत होतंय आणि वास मारतंय, म्हणजे घाण अडवायला घातलेली वस्तूच घाण. आणि तिसरं, रंग. पांढऱ्यातसुद्धा मऊपणा यायला सॉफ्टनर मारलेलं असतं फिनिशिंगला. माणसाच्या अंगाला चालतंय, माशाच्या कल्ल्याला नाही. हौसच असेल तर सोलापुरी चादर टँकखालच्या टेबलावर अंथरा.

कापूस म्हणून दुकानात जे देतेत ते खरं म्हणजे पॉलिस्टर असतं, पॉलिस्टर कुजत नाही म्हणूनच ते वापरतेत. आता ज्यांना शंभर ग्रॅमच्या पाकिटाला पैसे घालवायचे नाहीत ते गादी-उशीवाल्याकडनं पॉलिस्टर वॅडिंग आणतेत, मी पण तेच वापरतोय, शीटमधे येतंय ते घ्या, सुट्टं पिंजलेलं नको, त्याचे धागे टँकमधे उतरतेत. पण आणताना बघून आणा. गादीवाल्याकडं कधी खरा कापूस असतो, कधी मिक्स, कधी त्याला जंतू होऊ नये म्हणून नाहीतर आग लागू नये म्हणून केमिकल मारलेलं असतंय. साधं पाहिजे म्हणून स्पष्ट सांगायचं, आणि त्याला वास असेल तर घ्यायचंच नाही.

ओळखायचं कसं तर आमच्याकडं सूत तपासतेत तसं. चिमूटभर धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा, हातात धरू नका. कॉटन असेल तर सरळ पेट घेतंय, कागद जळाल्यासारखा वास येतोय आणि मागं करडी राख राहती, बोटानं दाबली की भुगा. पॉलिस्टर असेल तर आधी ज्योतीपासनं आकसून मागं जातंय, मग वितळतंय आणि थंड झालं की टोकाला कडक काळा मणी राहतोय, नखानं दाबला तर फुटत नाही. थोडी राख आणि थोडा मणी म्हणजे मिक्स माल, तो पण परत करा. ज्यानं घेतलं त्यानं एकदा गरम पाण्यात नुसतं खंगाळून घ्यायचं, साबण अजिबात नाही.

जुळे_सोलापूरकर

टॉवेलवाला भाऊ, हे लई भारी सांगितलंत. घरातल्या पाकिटातला कापूस लगेच जाळून बघितला, मणीच झाला. बायको म्हणायलीय आता काय काय जाळणार आहात.

ताई, फ्लो मोजला. पाच लिटरचा डबा भरायला ३७ सेकंद लागले, म्हणजे तासाला ४८५ लिटरच्या आसपास. माझं पाणी १४० लिटर, म्हणजे साडेतीन पट पण नाही. खोक्यावर १२०० लिहिलंय! मग मोटर उघडली, इंपेलरवर शेवाळं आणि केसासारखं कायतरी गुंडाळलेलं, आतली भोकं पांढऱ्या क्षारानं निम्मी बुजलेली (आमच्याकडं नळाला पाणी नसलं की बोअरचं घालतो, तो प्रताप). जुन्या टूथब्रशनं घासलं, क्षार जाईना म्हणून व्हिनेगरमधे बुडवून ठेवलं आणि धुऊन परत बसवलं. आता २५ सेकंदात डबा भरतोय, म्हणजे ७२० लिटर, पाचपट झालं. पाण्यात लगेच फरक नाही पण मोटरचा आवाज तरी बदललाय.

आता दोन प्रश्न. पाचच्या पुढं न्यायला दुसरा फिल्टर घ्यायचा का मोटर बदलायची? आणि एवढा स्पंज सारखा सारखा धुवायला पाणी कुठनं आणायचं?

पुण्यात_पण_सोलापूरचा

मी कॅनिस्टरवाला, त्यामुळं माझं मत थोडं वेगळं. ताई म्हणतायत ते बरोबर आहे, पण मोठे गोल्डफिश आहेत आणि पुढं टँक वाढवायचा विचार असेल तर एकदाच कॅनिस्टर घ्या. आवाज नाही, वर ट्रेची खटपट नाही, झाकण मोकळं, खाली कपाटात बसतो, आणि स्पंजला जागा भरपूर त्यामुळं लवकर चोंदत नाही. माझ्याकडं खालच्या बास्केटमधे जाड स्पंज, वर मध्यम, वर कापसाची शीट आणि शेवटी रिंगा, पाणी बघून लोक विचारतात आत पाणी आहे का नाही. पाणी आधी कोणत्या बास्केटमधे शिरतं ते मात्र आपापल्या मॉडेलचं बघा.

पण तोटे पण सांगतो. उघडायचा कंटाळा येतो. पाईप काढा, बाथरूममधे न्या, परत हवा काढा, यात रविवार जातो आणि मग माणूस म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. दोन महिन्यांनी उघडलात तर आतला वास सांगतो काय साठलंय ते. दुसरं म्हणजे लाईट. डबा हवाबंद असतो, लाईट गेली की आतलं पाणी थांबतं, बॅक्टेरिया तिथला ऑक्सिजन संपवतात आणि मग मरायला लागतात. बराच वेळ लाईट नव्हती आणि आली तर लगेच चालू होऊ देऊ नका, आतलं पाणी ओतून टाका आणि मग जोडा, नाहीतर ते सडकं पाणी थेट टँकमधे येतं. टॉप फिल्टरचं हे सुख आहे, ट्रे उघडा असतो, वरच्या हवेत ओला राहतो, तासा-दोन तासाला काही होत नाही.

भीमाकाठचा

वरच्या दोन्ही प्रश्नांना एकदमच उत्तर देतो.

कॅनिस्टर आत्ता नको. तुमच्या तक्रारीचं कारण सापडलंय आणि ते दीडशे रुपयांचं आहे, आधी तेवढं करून बघा. पाच पटीला सहा-सात करायचं असेल तर एक साधा इंटर्नल पॉवर फिल्टर दुसऱ्या कोपऱ्यात लावा, सोबो, आरएस वगैरे कंपन्यांचे सगळीकडं मिळतात, स्पंज आधी आणि मोटर नंतर असा असतो त्यामुळं भुग्याची भानगड नाही. दोन फिल्टर असण्याचा आणखी एक फायदा, एक बंद पडला तर दुसरा चालू असतो आणि धुताना आलटून पालटून धुता येतं. हँग-ऑन तीन फुटी गोल्डफिशच्या टँकला मला पटत नाही, आपल्या बाजारात दिसणारे बरेचसे दीड-दोन फुटी टँकच्या हिशोबाचे असतात, शिवाय झाकण कापायला लागतं. नुसता हवेवर चालणारा स्पंज फिल्टर पण यासाठी नाही, तो बॅक्टेरियाला चांगलं घर आहे, पिल्लांच्या टँकला एक नंबर, पण पाणी चमकवायचं काम त्याच्याकडनं होत नाही. यूव्ही विसरा, तुमचं पाणी हिरवं नाही. कार्बन पण विसरा.

आता धुण्याचं पाणी. त्याला वेगळं पाणी लागतच नाही. आठवड्याला तुम्ही पाणी बदलणारच, आणि बदलायलाच पाहिजे, यावर जरा थांबून लिहितो कारण तुम्ही सुरुवातीला म्हणालात की फिल्टर घेऊन मोकळं व्हायचंय. कापसात अडकलेली शी ही टँकच्या बाहेर गेलेली नसते. ती तुम्हाला दिसत नाही एवढंच, पाणी तिच्यातूनच फिरतंय, ती तिथंच कुजतीय आणि माशांना विषारी असलेला अमोनिया त्याच पाण्यात उतरतोय. रिंगांवरचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, पण नायट्रेट तसंच साठत जातं, ते कुठल्याही स्पंजमधे अडकत नाही, विरघळलेलं असतं. पाणी काचेसारखं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत असे टँक मी बघितलेत. तेव्हा आठवड्याला चतुर्थांश तरी, तुमच्या हिशोबानं ३५ लिटर, म्हणजे दोन बादल्या. पाण्याच्या दिवशी एक ड्रम माशांसाठी वेगळा भरून ठेवा, उघडा ठेवला तर साधं क्लोरीन दिवसभरात उडतं, तरी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले तर बरं.

तर सायफनच्या पाईपनं खड्यांमधली घाण ओढून घ्या, ते खड्यात रुतलेलं कुठलाच फिल्टर उचलत नाही, आणि ते पाणी बादलीत जमा झालं की त्यातच सगळे स्पंज पिळा. काळं पाणी निघतं, निघू दे. मग तेच पाणी कुंड्यांना, तुळशीला, झाडं नुसती डवरतात. थेंब वाया नाही. पुढचा जाड स्पंज कधी घाईत नळाखाली धुतला तर आभाळ कोसळत नाही, पण रिंगा आणि सगळे स्पंज एकाच दिवशी नळाखाली धुतले तर क्लोरीननं बॅक्टेरिया साफ आणि मग खरंच दुधाळ पाणी होणार. कापसाची शीट धुवायच्या भानगडीत पडू नका, आठवड्याला फेकायची, त्यासाठीच तर टॉवेलवाल्या भाऊंनी स्वस्त माल सांगितलाय.

उन्हाळ्यात हे वेळापत्रक अजून आवळायला लागतं. आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा ४२ च्या वर जातो, घरातल्या टँकचं पाणी सहज तिशीच्या पुढं. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, आणि त्यातच कापसात साठलेली घाण जास्त वेगानं कुजून तोच ऑक्सिजन खाते. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा. तेव्हा त्या दोन महिन्यात कापूस चार दिवसांनी बदला आणि हवेचा पंप रात्रभर चालू.

विजापूर_रोडवाला

तुरटीचं मागं घेतो बाबा. पण हे सगळं वाचून मला वाटायलंय खाणं जरा कमी घातलं तर निम्मं काम होईल. पाच माशांना किती घालताय?

जुळे_सोलापूरकर

दोन वेळा चिमूटभर, पण चिमूट कुणाची त्यावर आहे, पोरगं घालतंय तेव्हा मूठ असती. आता डबा वरच्या फळीवर गेलाय. आणि डब्याच्या तळाला जो दाण्यांचा भुगा राहतो तो पण टँकमधेच झटकत होतो, तो आता चाळून टाकून देतो.

अपडेट देतो. प्री-फिल्टर स्पंज मिळाला, ट्रेमधे जाड आणि मध्यम स्पंज कापून घट्ट बसवले, खाली वॅडिंगची शीट, तिच्याखाली रिंगा. पहिल्या दिवशी शीट कॉफीच्या रंगाची झाली होती, दुसरी टाकली ती बरीच कमी. काल रात्री लाईट लावून बघितलं तर कण अजून आहेत पण शोधायला लागतायत, मागच्या काचेवरचा चित्राचा कागद स्पष्ट दिसतोय आणि त्यावर किती धूळ आहे ते पण दिसायलंय. कॅनिस्टर रद्द. दुकानदाराला वाईट वाटलं.

एकच राहिलंय, उजव्या कोपऱ्यात मडक्यामागं शी साठून राहतीय. बाकी टँक साफ आणि तेवढा कोपरा घाण. पाणी तिथं फिरतच नाही वाटतं. मोटर डावीकडं आहे आणि ट्रेमधलं पाणी पण डावीकडंच पडतंय.

माशांची_ताई

मग पाणी तिथल्या तिथंच गोल फिरतंय. वर पडलं, खाली ओढलं, परत वर, उजवा भाग त्यात येतच नाही. ट्रे उलटा करून बघा म्हणजे पाणी उजव्या टोकाला पडेल आणि मोटर डावीकडं राहील, ट्रेची पाईप तेवढी लांब पुरते का ते आधी मोजा. नसेल पुरत तर भीमाकाठच्या भाऊंनी सांगितलेला इंटर्नल फिल्टर उजव्या कोपऱ्यात लावा आणि त्याचं तोंड लांबीच्या काचेला समांतर, डावीकडं वळवा. ओरांडाला जोराचा प्रवाह सोसत नाही, ते पोहण्यात आळशी असतात, तेव्हा तोंड थोडं काचेकडं तिरकं करा म्हणजे धार काचेवर आपटून मऊ होते. मडकं कोपऱ्यातून काढून मधे ठेवा, मागं बोटभर जागा मोकळी. आणि नवीन फिल्टरचं खालचं तोंड खड्यांपासून दोन बोटं वर राहू द्या, अगदी टेकवलं तर बारीक खडे आत ओढून इंपेलरचा कडकड आवाज येतो.